सहीपुरतं गरम पाणी

शिवरामभाऊंच्या मुठी सकाळी बंद असतात. रागाने नाही. त्यांना राग आलेला मी वीस वर्षांत दोनदाच पाहिला, आणि त्यातला एक पुढे येणार आहे. मुठी बंद असतात कारण तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये या माणसाने एकतीस वर्षं काढली. शून्याच्या खाली अठरा डिग्री. मटाराची पोती, मासळीचे खोके. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, पुन्हा आत. जाकीट मिळायचं. हातमोजे मिळाले होते, पहिल्या वर्षी. रिटायर झाले तेव्हा मालकाने भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि हे हात त्यांचे त्यांनी बरोबर आणले.

झोपेत बोटं तळव्यात वळतात, मनगट आत जातं, कोपर बरगडीला चिकटतं. खांद्यापासून नखापर्यंत सगळं लाकूड. कप धरता येत नाही, शर्टाचं बटन लागत नाही, चष्मा कानावर चढत नाही. याला औषध एकच, गरम पाण्याची धार, आणि तीही खांद्यावरून. पातेल्यात हात बुडवून बघितलंय त्यांनी. बोटं उघडतात, पण खांदा आखडलेलाच राहतो, आणि पाच मिनिटांत बोटं परत आत. धार मात्र उजव्या खांद्यावर दहा मिनिटं, डाव्यावर दहा मिनिटं घेतली की दिवस निघतो.

मग भाऊ टॉवेल गुंडाळून बाहेर येतात, बायकोसमोर दोन्ही हात पसरतात, बोटं हलवतात आणि म्हणतात, "हजर."

गिरजावहिनी स्वयंपाकघरातून मान वळवून विचारतात, "दहाच्या दहा का?"

"दहाच्या दहा."

रोजचं आहे हे. मी किती तरी वेळा तिथे चहा घेत बसलोय आणि दोघांनाही हसू येताना पाहिलंय, जसं काही पहिल्यांदाच म्हणतायत. मग भाऊ स्वतःचा शर्ट स्वतः घालतात. वरचं बटनसुद्धा लावतात. ते वरचं बटन कोणीच लावत नाही, हे लावतात.

या सगळ्याच्या मागे होता एक पंधरा लिटरचा गिझर. बाथरूमच्या भिंतीवर, दोन बोल्टवर लटकलेला, पांढऱ्याचा पिवळा झालेला. अठरा वर्षांचा.

आता बिल्डिंगचं सांगतो, कारण गिझरचं दुखणं तिथूनच सुरू होतं. शिरवणे गावाच्या पाठीमागे, नेरूळच्या जुन्या सेक्टरात, तळमजला अधिक चार. भाऊ दुसऱ्या मजल्यावर. ही बिल्डिंग गेली सहा वर्षं पडणार आहे. म्हणजे पाडणार आहेत, पाडून तिथे टॉवर उभा राहणार आहे, आणि प्रत्येकाला मोठं घर मिळणार आहे. कधी? पुढच्या दिवाळीला. सहा दिवाळ्या मी स्वतः मोजल्यात. तोवर कोणी रंग लावत नाही, फुटलेली फरशी बदलत नाही, दाराची कडी निखळली तर सुतळीने बांधतात. "कशाला खर्च करायचा, जायचंच आहे ना." अख्खी बिल्डिंग सामान बांधून दारात बसल्यासारखी बसलीय आणि गाडी येत नाही.

शिवरामभाऊंचंही तेच. गिझर दोन वर्षं कुरकुरत होता. इथे टँकरचं पाणी येतं तेव्हा क्षार इतका असतो की कॉईलवर चुन्याची साल धरते. तीनदा कॉईल बदलली, एकदा थर्मोस्टॅट. गिरजावहिनी दर वेळी म्हणायच्या, नवीन घ्या. भाऊ दर वेळी म्हणायचे, दुरुस्त करू. "सात वर्षांची गॅरंटी देतेत नव्या गिझरला. बिल्डिंगला सात म्हैन्याची हाय का?"

"तुमच्या हाताला किती वर्षांची हाय?" वहिनी विचारायच्या.

भाऊ पेपर उघडायचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाथरूमच्या भिंतीवरून तांबडं पाणी उतरायला लागलं. कृष्णातला बोलावलं. कृष्णात मूळचा कोल्हापूरकडचा, शिरवण्यात गॅरेजएवढं दुकान, गिझर-मिक्सर-पंखे. त्याने झाकण काढलं, बॅटरी मारली, आत बोट घातलं आणि गंजाचं पीठ बाहेर काढून वहिनींच्या हातावर ठेवलं.

"हे काय?"

"टाकी," कृष्णात म्हणाला. "जी उरलीया ती."

"कॉईल टाक ना नवी," भाऊ म्हणाले.

"कॉईल टाकतो की. बसवू कशात? भोकात? काका, टाकी गेलीया. हिला आता कोण दुरुस्त करत न्हाई. झालंच तर फोटोला हार घाला."

त्याने पाणी बंद केलं, दोन्ही नळ्यांना बूच मारलं. गळती थांबली. गरम पाणीही थांबलं.

त्या संध्याकाळी निर्णय झाला. भाऊंनी मान हलवली, वहिनींनी कामोठ्याला लेकीला फोन लावला. संघमित्रा, जावई आणि दोन पोरं तिकडे असतात. ती म्हणाली, "आई, उद्या येतो बघ घरी, तू टेन्शन घेऊ नको." तिने ऑनलाइन मागवला. पंचवीस लिटर. बापाच्या खांद्यांचं तिला माहीत होतं, म्हणून हिशोबाने मोठाच घेतला.

दुसऱ्या दिवशी खोकं आलं. गेटपर्यंत.

वॉचमनने सांगितलं, वर न्यायला परवानगी नाही. नोटीस बोर्ड बघा. बोर्डावर कागद होता, सहा महिन्यांपासूनचा. बी विंगमध्ये कोणी एसीसाठी ड्रिल मारलं आणि खालच्या घरात छताचं प्लास्टर पलंगावर पडलं, त्यानंतर निघालेला. 'पुनर्विकास प्रस्तावित असल्याने सदनिकेत कोणत्याही स्वरूपाचा बदल करण्यास सक्त मनाई आहे. किरकोळ दुरुस्तीस समितीच्या लेखी परवानगीने मुभा.' खाली सेक्रेटरीची सही, विलास देशमाने.

खोकं वॉचमनच्या केबिनमध्ये गेलं. तिसऱ्या दिवशी मी बघितलं तर वॉचमन त्याच्यावर बसून डबा खात होता.

इथे मी आलो.

मला गिरजावहिनींनी बोलावलं. आसपासच्या चार सेक्टरांत कोणाचं रेशनकार्ड अडलं, मीटर अडला, पेन्शन अडली की मला बोलावतात. मी नववी नापास. कायदा मी झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून शिकलो, लोकांचे कागद वाचत वाचत. पण माझा अर्ज कोणी परत केलेला नाही, निदान तोवर केला नव्हता. मी वहिनींना म्हटलं, एक कागद द्या, पाच मिनिटांत काम.

पाच मिनिटं पण लागली नाहीत. 'प्रति, माननीय सचिव' वगैरे झाल्यावर मी विषय लिहिला, 'न्हाणीघरातील नादुरुस्त गिझर बदल करणेबाबत.' बोलताना आपण म्हणतो ना, गिझर बदलायचाय. कागदावर जरा वजनदार दिसावं म्हणून 'बदल करणेबाबत'. 'न्हाणीघरातील' हा शब्द लिहून तर मी स्वतःवरच खूश झालो. बाथरूम कोणीही लिहितं.

पोच घेतली, शिक्का घेतला. आठ दिवसांनी उत्तर आलं. 'अर्जदाराने न्हाणीघरात बदल करण्याची परवानगी मागितली आहे. बदलास मनाई असल्याने अर्ज नामंजूर. विषय पुढील सभेपर्यंत बंद.' पुढची सभा मार्चमध्ये.

मी तसाच खाली गेलो. विलासराव पहिल्या मजल्यावर राहतात, बरोब्बर भाऊंच्या खाली. विमा कंपनीतून रिटायर, साताऱ्याकडचे, मोजून बोलणारे. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"गिझर बदलायचाय. भिंत नाही बदलायची."

"तुम्ही लिहिलंय 'बदल'. मी नाही लिहिलं."

"बदल म्हणजे गिझरचा बदल."

"प्रितम, समितीत सात जण आहेत. त्यांच्यासमोर कागद वाचला. कागदात 'बदल' आहे, नोटिसीत 'बदल' आहे. 'दुरुस्ती' लिहिलं असतंत तर मी त्याच दिवशी सही केली असती. लिहिताना बघायचं ना."

त्यांनी हे शांतपणे सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं. मला अर्ज लिहायला शिकवतात. मी टेबलावर हात आपटला, त्यांचा चहा सांडला. मी म्हटलं, "गरम पाण्यासाठी माणसाला लाचार करता. आणि पुनर्विकासाला त्याचीच सही पाहिजे तुम्हाला. मिळणार नाही, लिहून घ्या."

ही गोष्ट मी बोलायला नको होती. तोपर्यंत गिझर आणि ती सही, दोन वेगळे विषय होते.

विलासरावांनी चहा पुसला. "बरं झालं आठवण केलीत," ते म्हणाले. "संमतीपत्रावर चार जणांच्या सह्या राहिल्यात. त्यात शिवरामभाऊ एक. सही द्या, मग मी मार्चची सभा आधी घेतो. आणि तुम्ही सोसायटीचे कोण, हे मला अजून कळलेलं नाही."

सही का राहिली होती, तर मी थांबवली होती. एकशे बेचाळीस पानांचा करार, त्यातलं फक्त शेवटचं, सहीचं पान घरोघर फिरवत होते. बाकीची पानं बिल्डरच्या ऑफिसात, वेळ घेऊन बघायची, फोटो काढायचा नाही. मी भाऊंना म्हटलं होतं, वाचल्याशिवाय सही नाही. भाऊ 'बरं' म्हणाले होते. आता त्याच सहीच्या कुलपात त्यांचं गरम पाणी जाऊन बसलं, आणि दोन्ही वेळा किल्ली मीच फिरवली होती.

वर जाऊन सांगितलं. भाऊ म्हणाले, "असू दे. मार्चपत्तूर गॅसवर तापवू."

गॅसवर तापवणं म्हणजे काय, ते मी नंतर बघितलं. वहिनींची उंची पाच फूट नाही, गुडघे गेलेले. मोठं पातेलं दोन फडक्यांनी धरून ओट्यावरून बाथरूमपर्यंत अकरा पावलं. मग मगाने खांद्यावर. मगाचं पाणी म्हणजे धार नाही. एक मग पडला की दुसरा येईपर्यंत खांदा थंड. दोन पातेली संपली तरी भाऊंची तीन बोटं उघडायची. रॉड लावून पाहिला, तर जुन्या वायरिंगने बादलीला करंट आला.

जानेवारीच्या मध्यावर पातेलं निसटलं. वहिनींच्या डाव्या पावलावर, घोट्यापासून बोटांपर्यंत.

त्या दिवसापासून भाऊ गार पाण्याने अंघोळ करायला लागले. बायको ओरडली, लेक फोनवर रडली. ते म्हणाले, "मायनस अठरामधला माणूस हाय मी. नळाचं पानी काय करतंय मला?"

नळाच्या पाण्याने काय केलं ते सगळ्यांना दिसत होतं. मुठी दिवसभर बंद. मी गेलो की ते हात उपरण्याखाली घ्यायचे. चहा पुढे आला की म्हणायचे, आत्ताच झाला. मग मी गेल्यावर वहिनी बशीने पाजत असणार. शर्टाऐवजी गळ्यातून घालायचा बनियन आला. कोपऱ्यावर बुद्धविहारात ग्रंथवाचन असतं रविवारी, तिथे भाऊ पानं उलटून द्यायला बसायचे. त्यांनी जाणं सोडलं. विचारलं तर म्हणाले, थंडी हाय.

खिडकीतून खाली वॉचमनची केबिन दिसते. खोक्यावर आता टेबल फॅन ठेवला होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी भाऊंनी मला फोन लावून घेतला. वहिनींनी कानाला धरला असणार. "प्रितम, ये. सही देऊन टाकू."

"भाऊ, वाचल्याशिवाय..."

"गिरजाचा पाय बघितलास का तू? ये."

दहा वाजता आम्ही तिघं पहिल्या मजल्यावर गेलो. वहिनी लंगडत, भाऊ हात उपरण्यात घेऊन, मी मागे. विलासरावांनी दार उघडलं, "या, या," म्हणाले, खरंच बरं वाटलं असावं त्यांना. त्यांच्या मिसेस, मीनाताई, पाणी घेऊन आल्या. टेबलावर सहीचं पान, शेजारी भाऊंच्या जुन्या अलॉटमेंट पत्राची झेरॉक्स. सही त्याच्याशी जुळायला हवी.

भाऊंनी पेन घेतलं. म्हणजे मी दोन बोटांच्या फटीत सरकवलं. त्यांनी मनगट टेबलावर टेकलं, खांद्यातून जोर लावला. कागदावर एक रेघ गेली, खाली, टेबलापर्यंत. पेन पडलं. विलासरावांनी दुसरी प्रत काढली. पुन्हा तेच. शि मधली वेलांटी कुठल्या कुठे. तिसऱ्या वेळी पेन सरकवायला मी पुढे झालो तर भाऊंनी मान हलवली.

"असू द्या, त्रास नको," विलासराव म्हणाले, आणि खरंच त्यांचा आवाज मऊ होता. त्यांनी ड्रॉवर उघडला, शाईचं पॅड काढलं, झाकण उघडून भाऊंसमोर सरकवलं. "अंगठा चालतो. दोन साक्षीदार आहेतच."

मी भाऊंचा राग दुसऱ्यांदा पाहिला तो हा. आवाज चढला नाही. ते उठून उभे राहिले, एवढंच.

"माजा बाप बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडायचा," ते म्हणाले. "रोज सांजच्याला मुकादम मस्टरवर अंगठा घ्यायचा. काय लिवलंय, कुनाला ठावं. बापाचा अंगठा कायम निळा. जेवताना भाकरीला शाई लागायची. मी बारा वर्षांचा. मला वाटायचं बापाचा अंगठा जल्मापासूनच निळा हाय. मी कोल्ड स्टोरेजात रात्रपाळी करून दिवसा शाळंत गेलो, बाप्यामानूस, ल्हान पोरांच्या बाकावर, ही सही शिकाया. अंगठा न्हाई लावनार. घर ऱ्हाऊ द्या, पानी ऱ्हाऊ द्या."

पॅडचं झाकण बंद करायचं विलासरावांना सुचत नव्हतं.

तेवढ्यात मीनाताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "आपला गिझर चालू आहे ना. भाऊंना इथे अंघोळ करू दे की."

विलासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. वीस वर्षं एकावर एक राहिलेली घरं. लग्नाच्या पत्रिका गेल्या-आल्या, दिवाळीचा फराळ खाली-वर झाला. पण बाथरूम? ते कोणी कोणाचं बघितलं नव्हतं. गिरजावहिनी पटकन म्हणाल्या, "नको बाई, कशाला तुमाला."

"कशाला काय," मीनाताई म्हणाल्या. "टॉवेल धुतलेला आहे."

भाऊंनी उपरणं वहिनींच्या खांद्यावर ठेवलं आणि आत गेले.

पाण्याचा आवाज सुरू झाला. सलग. दोन महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होतो, वहिनीही. त्या पदराने डोळे पुसत नव्हत्या, मोजत होत्या. ओठ हलत होते. दहा मिनिटं झाल्यावर हळूच म्हणाल्या, "आता डावा."

विलासराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलाही झोप लागत नाही हो या प्रकरणाने. चार सह्या नाहीत म्हणून रोज मला फोन. माझ्या बेडरूमचा स्लॅब बघा कधी तरी. लोखंड दिसतं." एकदा तरी न बोलायचं, असं घरून ठरवून आलो होतो.

भाऊ बाहेर आले. अंगात तोच बनियन, डोकं ओलं, चेहरा लाल. सरळ वहिनींसमोर गेले, हात पसरले.

"हजर."

परक्या घरात विचारायला वहिनी लाजल्या, तरी विचारलं. "दहाच्या दहा का?"

"दहाच्या दहा."

मग ते खुर्चीत बसले, चष्मा स्वतः लावला, पेन स्वतः उचललं. विलासरावांनी सहीचं कोरं पान पुढे केलं. भाऊंनी ते उलटून पाहिलं. मागे कोरं.

"बाकीची पानं?"

"ती ऑफिसात आहेत. हे फक्त सहीचं."

"दोन म्हैन्याचा गारठा हाय, हात आता दोन तासच चालंल. तवर वाचून व्हईल. मागवा."

"आज रविवार आहे, भाऊ."

"बरं. तुमी वाचलीत?"

विलासरावांनी चष्मा काढला. "समरी वाचली."

"म्हंजे?"

"थोडक्यात सांगितलं त्यांनी. चार पानं होती."

"सही केलीत?"

"हो. पहिलीच माझी. सेक्रेटरी ना."

भाऊंनी पेन खाली ठेवलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, मी शपथेवर सांगतो, समोरच्याच्या कपाळावर काही लागलंय हे दाखवावं तसं ते म्हणाले, "मंग तुमी बी अंगठाच लावला की, विलासराव. पेनानं."

मीनाताईंनी पदर तोंडाशी नेला. हसू लपवलं की काय, मला कळलं नाही. विलासरावांचे कान तांबडे झाले. मला वाटलं, आता दार दाखवतील. त्यांनी उठून कपाटातून सोसायटीची फाईल काढली, पानं उलटली, आणि माझा अर्ज बाहेर काढला. शिक्का मारलेला, नामंजूर लिहिलेला.

"यात खाडाखोड करून अर्जदाराने सही केली तर ती दुरुस्ती धरता येते," ते म्हणाले. माझ्याकडे नाही, अर्जाकडे बघून. "कागदाची दुरुस्ती. पण माझ्या अटी आहेत. ड्रिल नाही. तोडफोड नाही. जुन्या बोल्टवर जे बसेल ते, आणि बोल्टला हात लागता कामा नये. तेवढ्याला मी दुरुस्ती म्हणेन. त्यापुढे मला सहा जणांना उत्तर द्यायचंय."

"आणि हे पान?" भाऊंनी सहीच्या पानाकडे बोट केलं. सरळ, उघडलेलं बोट.

"ते राहू द्या माझ्याकडे. सगळी पानं मागवतो. मलाही बघायचीत आता."

भाऊंनी माझ्या अर्जावर 'बदल' शब्दावर एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'दुरुस्ती'. रु ऱ्हस्व की दीर्घ म्हणून मला विचारलं, मी सांगितलं. शेजारी सही केली. शिवराम धोंडिबा हटकर. जुन्या झेरॉक्सशी तंतोतंत.

आम्ही वर आलो आणि मी जिन्यातच कृष्णातला फोन लावला. तो तासाभरात आला. जुना गिझर उतरवला. तळ त्याच्या हातात राहिला आणि बाकीचा वहिनींच्या बादलीत. मग त्याने भिंतीतले दोन्ही बोल्ट धरून हलवून पाहिले. एक घट्ट. एक करकरला.

"पंचवीस लिटर इसरा," तो म्हणाला.

"अरे, खोकं आलंय की. लेकीनं पाठवलंय."

"असू दे की काकू. भरल्यावर तेचं वजन बघा. ह्यो बोल्ट भिंतीसकट खाली येतोय, आनि खाली सेक्रेटरी हाय."

"पंधरा?"

त्याने पुन्हा बोल्ट हलवला. पांढरी भुकटी पडली. "दोन बोल्ट नवे मारायचं असतील तर पंधरा बी बसवतो, पंचवीस बी बसवतो. ड्रिल न्हाई म्हनता ना? मग धा. लोखंडी पट्टी टाकतो आडवी, तिच्यावर धा लिटर. त्याच्यावर एक थेंब न्हाई."

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. दहा लिटरमध्ये गार पाणी मिसळून किती वेळ धार चालते, हे दोघांनाही हिशोब न करता कळलं होतं. मला कृष्णातने सांगितल्यावर कळलं, जेमतेम दहा मिनिटं, एका खांद्यापुरती.

"दम धरायचा, परत तापवायचं," मी म्हटलं. "अर्ध्या तासाने दुसरा खांदा."

"तवर पयला थंड व्हतो," भाऊ म्हणाले. "मग दोन्ही जातेत. बसव रं बाबा. धा."

संध्याकाळपर्यंत बसला. गॅरंटी कार्डावर ग्राहकाच्या सहीची जागा होती. विलासरावांकडच्या गरम पाण्याने उघडलेला भाऊंचा हात तोवर मिटला होता. कार्ड तसंच कपाटावर राहिलं.

पंचवीस लिटरचं खोकं दुसऱ्या दिवशी वर आणलं. वॉचमनने पंखा उचलून दिला, नाराजीनेच. परत पाठवायची मुदत केव्हाच गेली होती. संघमित्रा म्हणाली, राहू दे, नवीन घरात लावू. भाऊ पलंगाखाली खोकं सरकवताना म्हणाले, "पुढच्या दिवाळीला."

पुढच्या रविवारी मी सकाळी आठला गेलो. बाथरूममधून धारेचा आवाज येत होता. बारीक, पण सलग. साधारण दहा मिनिटांनी आवाज बदलला, गार पाण्याचा झाला, मग बंद. वहिनी ओट्याशी. पायाची पट्टी निघाली होती, कातडी गुलाबी.

भाऊ बाहेर आले. उजवा हात पुढे केला, बोटं पसरली. डावा छातीशी मिटलेला.

"हजर."

वहिनींनी कणकेचे हात धुतले. "किती?"

"पाच."

त्या शर्ट घेऊन आल्या. खालची बटनं त्यांनी लावली, एकेक, जरा वाकून. वरच्या बटनाला त्यांनी हात लावला तेव्हा भाऊंनी मान मागे घेतली. काज दुसऱ्या हाताने धरल्याशिवाय ते लागत नाही. त्यांनी एका हाताने प्रयत्न केला. दोनदा निसटलं. वहिनी काजाची बाजू दोन बोटांत घट्ट धरून उभ्या राहिल्या, आणि भाऊंनी उजव्या हाताने बटन त्यात ढकललं.

मग त्यांनी कपाटावरून गॅरंटी कार्ड मागितलं, आणि पेन.